मांस कोरडं, सफरचंदाचा लगदा: फळं घालून पोर्क मंद शिजवताना कुठे चुकतं?

सोलापूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा-सून नोव्हेंबरात घरी येणार आहेत. परदेशात असताना त्यांनी थंडीत खाल्लेलं, सफरचंद घालून तास न् तास शिजवलेलं पोर्क ताईंना त्यांच्यासाठी करायचंय. एकदा रंगीत तालीमही झाली. एक किलो बिनहाडाचं, चरबी काढून ‘एकदम स्वच्छ’ करून आणलेलं मांस, चार सफरचंदं पहिल्यापासूनच आत आणि दोन तास गॅसवर. निघालं काय, तर मांस धाग्यासारखं सुटतंय पण घशाखाली उतरत नाही, सफरचंदाचा लगदा झालाय आणि रस्सा गुळचट. त्या विचारतात, वेळ कमी पडला का? ओव्हन नाही म्हणून असं झालं का? आणि सफरचंदाऐवजी आपलं डाळिंब चालेल का?

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये नऊ वर्षं काढली, आता बारा वर्षं इथे माझी छोटी खानावळ आहे. खानावळीत मटणच असतं, पोर्क नाही. ते घरी, मित्रांसाठी, हिवाळ्यात पाच-सात वेळा, त्याची पातेली आणि सुरी वेगळी.

ताई, वेळ कमी पडलेला नाही. ओव्हनचाही काही दोष नाही. तुमचा खरा प्रश्न मांस आणायला गेलात तिथेच सुरू झाला, आणि फळ कधी घालायचं यावर तो वाढला.

‘चिवट’ हा शब्द आपण दोन अगदी उलट्या गोष्टींना वापरतो. एक चिवटपणा कच्चा असतो: चावलं की रबरासारखं परत उसळतं, दातांना दाद देत नाही. त्याला अजून शिजवायचं असतं. दुसरा कोरडा असतो: धागे सुटे होतात, सुताच्या लडीसारखे, पण प्रत्येक धागा पिळून काढल्यासारखा. त्याला आणखी शिजवलं तर आणखी बिघडतं. तुम्ही लिहिलेलं वर्णन या दुसऱ्या प्रकारचं आहे. चरबी नसलेलं, पाठीच्या पट्ट्याचं किंवा मांडीच्या आतल्या बाजूचं मांस साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की आतलं पाणी सोडायला लागतं आणि ते पाणी पुन्हा आत जात नाही. तुम्ही त्याला दोन तास शिजवलंत. ते बिचारं पहिल्या पंचवीस मिनिटांतच तयार होतं.

मंद शिजवायला लागतं जनावराने खूप वापरलेलं अंग. खांदा, मान, पायाची नळी, पोटाचा थराथराचा भाग. तिथे मांसाच्या मधून पांढरे पापुद्रे आणि शिरा जातात, त्यात कोलॅजन असतं. साधारण सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळायला लागतं, ऐंशी-नव्वदच्या दरम्यान बऱ्यापैकी वेगाने, आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झालं की थरथरतं ना, तेच ते. हे जिलेटिन आणि आतली चरबी मिळून सुकलेल्या धाग्यांना पुन्हा ओलावा देतात. म्हणजे पाणी इथेही जातंच, पण त्याची भरपाई होते. स्वच्छ मांसात भरपाई करायला काही उरलेलंच नसतं. म्हणून पुढच्या वेळी सांगा, ‘खांद्याचं द्या, हाडासकट, चरबी ठेवा.’ दुकानदार तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक चरबी काढून मागतं. बघू द्या.

खरेदीबद्दल एवढंच, की मांस परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. ताज्याची खात्री नसेल तर चांगल्या ठिकाणचं गोठवलेलं बरं. ते आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या, ओट्यावर नको. कापताना मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर त्या मांसाला हातच लावायचा नाही, ती टेपवर्मची खूण असते. मंद शिजवण्यात आतलं तापमान नव्वदच्या आसपास जातं, त्यामुळे शिजलेल्या पोर्कची भीती बाळगायचं कारण नाही. धोका कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीच्या काकडीवर फिरवण्यात असतो.

आता ओव्हन. ही पद्धत आपल्याला नवी नाहीच. माझी आई मटण टाकायची तेव्हा पातेल्यावर ताट ठेवायची आणि त्या ताटात पाणी. वरच्या पाण्याने ताट थंड राहतं, आतली वाफ ताटाला लागून थेंब थेंब पुन्हा मटणावर पडते. खाली रस आटला की ताटातलं तेच गरम पाणी आत, वर पुन्हा गार पाणी. परदेशात याच कामासाठी जाड लोखंडी भांडी विकतात, आणि त्यातल्या काहींच्या झाकणाला आतून दाणे असतात, थेंब नीट पडावेत म्हणून. आमच्याकडे ताट होतं. जाड बुडाचं पातेलं, खाली जुना तवा, वर पाण्याचं ताट, झालं तुमचं ओव्हन.

भांड्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण यात मी स्वतः फसलोय. गावी आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मोठ्या हौसेने बिडाच्या भांड्यात डाळिंबाचा रस घालून पोर्क केलं. अडीच तासांनी झाकण काढलं तर रस्सा शाईसारखा काळा, आणि जिभेला खिळा चाटल्याची चव. डाळिंबात टॅनिन म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य असतं, सालीत तर भरपूर. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो, जुन्या काळी शाई अशाच मेळातून करायचे. मी जेवणाच्या दिवशी दौत तयार केली होती. मित्रांनी खाल्लं, मित्र आहेत म्हणून. तेव्हा आंबट फळ असेल तर बिडाचं आणि लोखंडी नको. साध्या ॲल्युमिनियमलाही आंबट लागतं, रंग मळतो. पितळी पातेलं सुंदर काम करतं, पण कल्हई ताजी असेल तरच, नाहीतर कळकणार. नसेल तर जाड बुडाचं स्टील घ्या, डोक्याला ताप नाही.

फळाकडे येऊ. पोर्क आणि फळ ही जोडी ऐकायला फार साहेबी वाटते. फ्रान्सच्या नॉर्मंडीत सफरचंद आणि त्याची सायडर, म्हणजे आंबवलेला रस, तिथल्याच तूर शहराच्या भागात सुकवलेले आलुबुखारे, हे खरंच आहे. पण कर्नाटकातल्या कोडगूची, म्हणजे कूर्गची, पंडी करी घ्या, तीही पोर्कचीच. तिचा सगळा डौल ज्या काळ्या आंबट कचंपुळीवर आहे, ती एका फळाचा रस आटवूनच होते. गोव्यात आमच्या किचनमध्ये सोलां घातलेलं पोर्क व्हायचं, म्हणजे कोकमाचं. आसामात औटेंगा नावाचं आंबट फळ घालतात. या सगळ्यांत फळ कशासाठी असतं? आंबटपणासाठी. चरबीदार मांसाला आंबट काहीतरी हवंच असतं, नाहीतर चौथ्या घासाला तोंड तेलकट होतं. गोडी मागून येते आणि थोडी येते. तुमच्या चार सफरचंदांत गोडी भरपूर होती आणि आंबटपणा जवळपास नव्हता. बाजारात आपल्याला मिळतं ते लाल डिलिशियस जातीचं सफरचंद खायला छान, शिजवायला भुसभुशीत. वीस मिनिटांत विरघळतं. तुमच्या पातेल्यात ते दोन तास होतं.

म्हणून मी फळ दोनदा घालतो. पहिल्यांदा रस म्हणून, मांसासोबत सुरुवातीपासून, आंबटपणा आणि अंगरस यासाठी. दुसऱ्यांदा फोडी म्हणून, अगदी शेवटी, खाताना दाताखाली फळ लागावं यासाठी. एकाच फळाकडून एकाच वेळी दोन्ही कामं मागितली की तुमच्यासारखं होतं: रस मिळतो, फळ जातं.

पहिल्या कामाला डाळिंब. आपल्या जिल्ह्यात सांगोला, पंढरपूरकडे डाळिंब किती आहे ते वेगळं सांगायला नको, केगावला तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे. मृग बहाराचं फळ नोव्हेंबरपासून यायला लागतं, म्हणजे तुमच्या बेताला बरोबर. दोन अडचणी आहेत. एक, आपलं भगवा जातीचं डाळिंब गोड आहे, त्याची आंबट बाजू कमी पडते. म्हणून मी रसात सुपारीएवढी चिंच भिजवून कोळून घालतो. लिंबू नाही, लिंबाचा वास तासाभरात उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. दुसरी अडचण मिक्सर. दाणे मिक्सरमध्ये फिरवले की आतली बी फुटते आणि रस तुरट होतो. दाणे जाड फडक्यात घ्या आणि हाताने पिळा. सालीखालचा पिवळा पडदा एकही आत जाता कामा नये. हात आणि फडकं दोन्ही रंगतात, जुनं फडकं घ्या. चार मोठ्या डाळिंबांचा अर्धा लिटरच्या आसपास रस निघतो. तो स्टीलच्या भांड्यात निम्मा होईपर्यंत आटवा. शेवटी लक्ष ठेवा, साखर आहे त्यात, करपते.

दुसऱ्या कामाला सफरचंद चालेल, पण घट्ट, किंचित हिरवट बघून. नाहीतर पेरू. माझं मत पेरूच्या बाजूने आहे. अर्धकच्चा, बिया काढलेला, जाड फोडी. तो आकार धरतो, त्याचं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, रश्श्याला चकाकी देतं. वास सगळ्यांना आवडत नाही हे मात्र खरं, माझ्या बायकोला नाही आवडत, त्यामुळे घरी सफरचंद. मूठभर बेदाणे किंवा चार-पाच जर्दाळू चालतील, ते मात्र मध्यावर, फुगायला वेळ लागतो. सीताफळाचा विचारही करू नका. बार्शीकडचं कितीही गोड असलं तरी गर तापवला की कडवटतो. कच्च्या पपईचं वाटण लावून ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. पपईने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो आणि आत काही पोचत नाही. दोन-अडीच तास आच मिळणाऱ्या मांसाला तिची गरजच नसते.

आता सहा माणसांचं प्रमाण. हाडासकट दीड किलो, मुठीएवढे मोठे तुकडे. छोटे तुकडे करू नका, मंद आचेवर छोट्या तुकड्यांचा चुरा होतो. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रीजमध्ये ठेवा, किलोला पंधरा ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. मिठाला आत जायला रात्र लागते, वरून घातलेलं मीठ फक्त रश्श्यात राहतं.

दुसऱ्या दिवशी तुकडे फडक्याने कोरडे टिपून घ्या. ओलं मांस भाजत नाही, ते आधी उकडतं. पातेल्यात चमचाभर तेल, चरबीची बाजू खाली, आणि एका वेळी चार-पाचच तुकडे. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं, आणि मग तुम्ही उभ्या राहून ते पाणी आटायची वाट बघत बसता. प्रत्येक बाजू खरपूस बदामी झाली पाहिजे. या कामाला वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि इथेच सगळे घाई करतात. मी आमच्या पोरांना सांगतो, तुकडा पातेल्याला चिकटलाय म्हणजे अजून झालेला नाही. झाला की आपणहून सुटतो.

तुकडे काढून त्याच चरबीत चार कांदे उभे चिरून. हे कांदे पूर्ण मऊ आणि लालसर झाल्याशिवाय रस घालायचा नाही. आंबटात कांदा मऊ पडत नाही, अर्धा कच्चा कांदा आणि वर डाळिंबाचा रस अशी वेळ आली तर दोन तासांनीही कांदा दाताखाली करकरतो. मग एक गड्डी लसूण, दीड इंच आलं, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दहा-बारा मिरे, तमालपत्र आणि चमचाभर बडीशेप जरा चेचून. पोर्कला बडीशेपेसारखी सोबत नाही. काळं तिखट? सोलापूरकर विचारणारच. घालायचं तर अर्धा चमचा, कांद्यात. त्याहून जास्त घातलं तर छान कालवण होईल, पण मग डाळिंबं वाया घालवायची कशाला.

आटवलेला रस, चिंचेचा कोळ, वाटीभर गरम पाणी. रस तुकड्यांच्या निम्म्यापर्यंतच यावा, वरचे माथे उघडे. बुडवलं तर ते उकडणं झालं. उकळी फुटली की तव्यावर ठेवा, आच एकदम बारीक, वर पाण्याचं ताट.

आणि आता कान वापरा. रटरट ऐकू आली तर आच जास्त आहे. अधूनमधून एखादा ‘बुळुक’ आला पाहिजे, बस. अर्ध्या तासाने तुकडे उलटायचे. तास-सव्वा तासाने एक तुकडा दाबून बघाल तर तो सुरुवातीपेक्षाही घट्ट लागेल. इथे धीर सुटतो, लोक गॅस वाढवतात किंवा कुकरमध्ये ओततात. काही करू नका. धागे आवळलेत, कोलॅजन अजून सुटायचंय. दोन तासांच्या पुढे कधीतरी, एका पंधरा मिनिटांच्या आतच, ते सैल पडतं. काट्याचं टोक घालून फिरवलं की विरोध न करता वळलं, झालं. माझ्याकडे सव्वादोन ते पावणेतीन तास लागतात. जनावराचं वय, तुकड्याचा आकार, तुमच्या बर्नरची बारीक आच किती बारीक आहे, यावर अर्धा तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे घड्याळाकडे बघून उतरवू नका.

कुकरचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. चालतो. पहिली शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर पंचवीस-तीस मिनिटं, वाफ आपणहून जाऊ द्यायची, मग झाकण काढून रस आटवायचा. खानावळीत मटणाला मी हेच करतो, गॅसचं बिल मलाच भरायचं असतं. पण कुकरच्या आत एकशेवीस अंशांच्या जवळ जातं, धागे जास्त पिळले जातात, आणि पाच मिनिटं जास्त झाली तर त्याची शिक्षा लगेच मिळते. पाहुण्यांसाठी पातेलंच.

थोडक्यात, आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा: खांदा आणि चरबी, रस आधी, फोडी नंतर, भांडं लोखंडी नको.

एक गोष्ट तुम्हाला सोयीची आहे. हे आदल्या दिवशी करून ठेवलेलं जास्त चांगलं लागतं. शिजलं की पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असेल, तो चमच्याने अख्खा निघतो. टाकू नका, फोडी त्यातच परतायच्यात. खाली रस्सा खरवसासारखा थरथरला तर समजा जमलं. जेवणाच्या अर्धा तास आधी मंद गरम करा, फोडी वेगळ्या चरबीत दोन्ही बाजूंनी सोनेरी करा आणि शेवटची दहा-बारा मिनिटं मांसावर नुसत्या मांडा. ढवळू नका. तेव्हाच चव बघा. गुळचट वाटलं तर चिंचेचा अजून चमचाभर कोळ. आंबट वाटलं तर साखर घालण्याआधी मीठ बघा, बहुतेक वेळा मीठच कमी असतं.

दिवस ठरवताना दोन गोष्टी बघा. सोलापूरचा ऑक्टोबर या जेवणाचा नाहीच, दुपारच्या उन्हात चरबीचं काही नको वाटतं. पहाटे पंखा बंद करावासा वाटला की समजायचं, दिवस आले. दुसरं, आपल्याकडे बऱ्याच घरांत कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास पाळतात, पुढे मार्गशीर्षाचे गुरुवार आहेत. घरातल्या मोठ्यांना विचारून वार ठरवा. आणि बाहेरचं कुणी जेवायला असेल तर पोर्क आहे हे बोलावतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. कुणी खात नसेल तर बोकडाच्या खांद्याला हीच रीत जशीच्या तशी लागू पडते, फक्त त्यात चरबी कमी असते म्हणून तेल थोडं जास्त.

सोबत काय, हे तुम्ही विचारलं नव्हतं, पण सून उकडलेल्या बटाट्यांची आठवण काढेल. करा दोन बटाटे. मी मात्र मालदांडी ज्वारीची कडक भाकरी ठेवतो. ताटात आधी भाकरीचा चुरा, त्यावर दोन डाव रस्सा, दोन मिनिटं थांबायचं, मग वर मांसाचा तुकडा आणि मूठभर कच्चे डाळिंबाचे दाणे. तोंडी लावायला मुळ्याच्या चकत्या. शेंगाचटणी त्या दिवशी डब्यातच राहू द्या.